इंग्लिश कुंड्यांचं वाण

माझा नवरा गिरीश फार हुशार इंजिनिअर आहे, असं शिकागोजवळचं आमचं सगळं नेपरव्हिल म्हणतं. म्हणू दे. त्याने माझ्या कुंड्यांचं काय केलं ते मी सांगते, मग काय म्हणायचं ते म्हणा.

कुंड्या म्हणजे तुळशीच्या नव्हेत. इंग्लंडमध्ये चाळीस-पन्नासच्या दशकात घडवलेले चिनीमातीचे शोभेचे प्लँटर. एखादा शिंपल्याच्या आकाराचा, एखादा लाकडाच्या ओंडक्यासारखा, वर खार चढलेली, एखादा नुसताच पांढरा, होडीसारखा लांबट. तळाला भोक नसतं, रोपाची साधी कुंडी आत ठेवायची. महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांशी लग्नं करून इकडे आलेल्या इंग्लिश बायकांनी त्या माहेराहून जपून आणलेल्या असायच्या. त्या म्हाताऱ्या गेल्या की त्यांची मुलं हे सगळं गराज सेलला, म्हणजे दारात मांडून स्वस्तात विकायला काढायची. मी सकाळी सकाळी तिथे हजर. कुंडी उलटी करून तळाचा शिक्का बघायचा आणि ती कोटात गुंडाळून घरी आणायची. त्या बायकांना मी कधी भेटले नाही, पण त्यांच्याबद्दल मला माया वाटायची. मीही लग्न करून, सगळी माणसं मागे टाकूनच इथे आले होते.

शहाऐंशीच्या जानेवारीत आमच्या लायब्ररीतल्या बाईंनी विचारलं, फेब्रुवारीभर दारासमोरच्या काचेच्या कपाटात तुमच्या कुंड्या मांडाल का? वर कार्ड लावू, तुमच्या नावाचं. इथे आल्यापासून मी एकतर गिरीशची बायको होते, नाहीतर हॉस्पिटलच्या लॅबमधली ती इंडियन बाई. नुसतं उत्तरा म्हणून माझं नाव कुठे लागणार होतं ते पहिल्यांदाच. मी सगळ्या कुंड्या धुतल्या, टिश्यूत गुंडाळल्या आणि खोक्यात भरून बेसमेंटमध्ये ठेवल्या.

त्याच आठवड्यात रविवारी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, हौस त्यांची. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या लुटायच्या होत्या. शिकागोत डेव्हन रस्त्यावरच्या इंडियन दुकानात सांगून ठेवल्या होत्या आणि त्या घेऊन येणं एवढं एकच काम गिरीशकडे होतं. पण शिकागोची फुटबॉल टीम बेअर्स फायनलला पोचली होती आणि मॅच बघायला मित्रमंडळी दुपारपासून आमच्या सोफ्यावर येऊन पडली होती. त्यात ऐनवेळी मला लॅबमधून बोलावणं आलं.

मी परतले तेव्हा बायका निघून गेल्या होत्या. सासूबाई तिळगुळाचे डबे आवरत होत्या.

"आई, वाट्या पुरल्या का?"

"वाट्या कुठे गं? गिरीशने खोक्यातून त्या चिनीमातीच्या कुंड्या काढून दिल्या की. म्हणाला, उत्तरानेच सांगितलंय. सगळ्या गेल्या बघ."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गिरीशने टीव्हीवरून नजरही काढली नाही.

"अगं, वाट्या आणायला जमलं नाही. बायका दारात आल्या होत्या, यार. आणि जुन्या कुंड्या तर होत्या. बेसमेंट पण क्लिअर झालं."

"बुधवारी त्या लायब्ररीत द्यायच्या होत्या."

"मग कॅन्सल कर. लायब्ररीच आहे, म्युझियम नाही."

मी टीव्हीची वायर उपटली. मित्रमंडळींना आपापले बूट लगेच सापडले.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून आल्या आल्या, हळदीकुंकवाला आलेल्या लतिकाला कुंडी परत मागायला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "रागावू नकोस उत्तरा, पण गराज सेलचं वापरलेलं वाणात दिलंस, बरं नाही वाटलं गं. मीनाक्षी पण तेच म्हणत होती." म्हणजे माझ्या जिवापाड जपलेल्या वस्तू गेल्या त्या गेल्याच, वर गावभर चिकट ठरले तीही मीच! रागाने मला रडू फुटलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

सासूबाई सगळं ऐकत होत्या. वाण कधी कोणी परत मागतं का, हे त्यांच्या तोंडून ऐकायची मी तयारी ठेवली होती. त्यांनी पातळावर गिरीशचा जाडजूड पार्का कोट चढवला आणि पायांत त्याचेच स्नो-बूट घातले.

"चल. दिलं माझ्या हातांनी, मागेनही मीच. माझ्याशी खोटं बोलून माझ्याकडून लुटवलंय त्याने."

"आई, लोक काय म्हणतील?" गिरीश धावत आला. "निदान मी ड्राइव्ह करतो."

"ते खोकं उघडताना विचारायचं होतंस. आता घरात बस."

आम्ही दारोदार फिरलो. एकीच्या बाथरूममध्ये शिंपल्यात टूथब्रश उभे होते. मीनाक्षीच्या ओंडक्यातून तिचा कुत्रा पाणी पीत होता. प्रत्येक दारात सासूबाई ताठ उभं राहून एकच वाक्य म्हणायच्या, "माझ्या मुलाने सुनेला न विचारता दिलं, ते परत न्यायला आलेय." बायका कानकोंड्या व्हायच्या आणि कुंडी आणून द्यायच्या. लतिकाकडे पांढरी होडी गेली होती, माझी सगळ्यांत लाडकी. तिने ती नाराजीने कचऱ्यात टाकली होती आणि सकाळीच ट्रक येऊन गेला होता. लतिका रडायला लागली. मी तिची समजूत घातली नाही.

ती एक सोडून बाकीच्या कुंड्या कपाटात लागल्या. वर माझ्या नावाचं कार्ड. पहिल्या शनिवारी मी समोर उभी राहून बघत होते, तेवढ्यात मागून गिरीशचा आवाज आला. तो त्याच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांना आणि त्यांच्या बायकोला घेऊन आला होता.

"वी हॅव बीन कलेक्टिंग फॉर इयर्स," तो सांगत होता. वी! काचेतून कुठल्याशा कुंडीकडे बोट दाखवून त्याने माहितीही दिली, तीही साफ चुकीची. साहेबांच्या बायकोने कौतुकाने विचारलं, तुम्हा दोघांची सगळ्यांत आवडती कुठली?

त्यांना नीट समजावं म्हणून मी इंग्रजीतच बोलले. या मी एकटीने जमवल्या. माझी आवडती इथे नाही. माझ्या नवऱ्याने मला न विचारता सगळ्या लोकांना वाटून टाकल्या आणि ती कचऱ्याच्या ट्रकमधून गेली.

साहेब बुटांकडे बघू लागले. गिरीशने माझा दंड धरला आणि मराठीत कुजबुजला, "उत्तरा, प्लीज. घरी बोलू."

"इथेच बोलू," मी दंड सोडवून घेत म्हणाले, आणि साहेबांच्या बायकोला पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.