घाईचा आमेन

संध्याकाळी त्या घरात सगळ्यांना एकदमच भूक लागायची. ताटं वाढलेली, वाफा निघताहेत आणि जेवणाआधीची प्रार्थना अजून व्हायचीच. घरचा नेम असा, की रोज पाळीपाळीने एकाने प्रार्थना करायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून आमेन म्हणायचं. बाबा विजेचे मीटर दुरुस्त करायचे. त्यांची प्रार्थनाही तशीच, एकही तार जास्त नाही. धाकटा गोट्या एका दमात गाडी सोडायचा. देवाला ऐकू गेलं की नाही याची त्याला फिकीर नसे, ताटाला ऐकू गेलं की झालं. अडायचं ते चिमीच्या पाळीला.

चिमी आठ वर्षांची. बोलताना अडखळायची. ‘प’, ‘ब’, ‘द’ अशी अक्षरं ओठांपर्यंत यायची आणि दार आतून लावून घेतल्यासारखी तिथेच थांबायची. “द... द... दया...” करता करता तिची मान ताणली जायची, डोळे घट्ट मिटायचे. मग आई अगदी मऊ आवाजात म्हणायची, “आमेन.” सगळे आमेन म्हणायचे आणि हात ताटाकडे वळायचे. पोरगी सुटली, असं आईला वाटायचं.

आई एका प्रयोगशाळेत जंतूंची तपासणी करायची. रुग्णाचा नमुना काचेच्या बशीत पसरायचा, बशी उबेच्या कपाटात ठेवायची आणि जंतू वाढून दिसेपर्यंत थांबायचं. रिपोर्ट कुठे अडकला म्हणून डॉक्टर फोनवर चिडले, तर ती हसून सांगायची, “जंतू माझ्या बापाचंही ऐकत नाहीत हो, साहेब.” तिच्या धीराचं तिथे कौतुक होतं. पण तो धीर घरी येताना दारातच चपलांशेजारी राहायचा.

चिमीसाठी तिने काय केलं नव्हतं? वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे नेलं, आरशासमोर बसवून व्यायाम करून घेतले. बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, की हे कमी होईल किंवा होणारही नाही. घरच्यांनी ऐकून घेणं मात्र सोडू नका. यातलं शेवटचं वाक्य आईच्या कानावरून गेलं, कारण पहिल्यातच ती बुडाली होती.

मुलांना मात्र ती धीराचे धडे द्यायची. रविवारी चर्चमधून परतताना गोट्याचा हात ओढत सांगायची, की येशूला धीर धरणारी मुलं आवडतात, आणि आता जरा भरभर चाल.

एके दिवशी शाळेतून आल्या आल्या चिमी स्वयंपाकघरात धावली. चेहरा फुललेला, दप्तर अजून पाठीवर. “आई, आज... आज ब... बाईंनी म... मला प... प...” गोट्याला त्याचं चित्र दाखवायचं होतं. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. मग त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “आमेन.”

चिमीचं तोंड मिटलं. ती रडली नाही, त्याच्यावर धावूनही गेली नाही. दप्तर काढून ठेवलं आणि खोलीत निघून गेली.

आईचा हात उगारला गेला. “कुणी शिकवलं हे तुला?”

गोट्याला खरंच कळेना आपलं काय चुकलं. “तूच तर म्हणतेस,” तो म्हणाला. “ताई अडकली की आमेन म्हणायचं.”

उगारलेला हात तसाच राहिला. कुणाला मारायचं होतं त्याने?

त्या दिवसापासून चिमी घरात बोलेनाशी झाली. हवं-नको मानेने सांगायची. प्रार्थनेची पाळी आली की खाली बघायची. शाळेतल्या बाईंनी तिला काय म्हटलं होतं, हे आईने गोडीने विचारलं, जवळ घेऊन विचारलं, शेवटी डोळ्यांत पाणी आणून विचारलं. चिमीने नुसती मान हलवली. ती गोष्ट तिच्यापाशीच राहिली.

मुलांची आत्या तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांच्याकडे राहायला आली होती. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता आईने तिच्यापुढे मन मोकळं केलं. ती तडफड मला बघवत नव्हती हो ताई, म्हणून मी तिला सोडवत होते, असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली.

“तिला सोडवत होतीस की स्वतःला?” आत्याने विचारलं.

आईने हातातला टॉवेल उगाच पुन्हा उलगडला. “पण देवाला कळतंच ना, तिला काय म्हणायचंय ते?”

“कळतं की. बायबलातल्या, रस्त्याकडेला बसलेल्या त्या आंधळ्याचं आठवतं? तो हाका मारत होता, आणि लोक त्याला गप्प बस म्हणून दटावत होते. प्रभू थांबला. समोर आंधळा दिसतोय, त्याला काय हवं असणार हे शेंबडं पोरही सांगेल. तरी प्रभूने विचारलं, तुझ्यासाठी मी काय करू? का विचारलं? त्याचं मागणं त्याच्याच तोंडून यावं म्हणून. आणि तू, बाई, देवाच्याही पुढे धावतेस.”

“मग मी करू तरी काय?”

“करायचं काहीच नाही. तेच तर अवघड आहे.”

टॉवेलची घडी पुन्हा घालता घालता आईच्या ध्यानात आलं. आपण रोज पोरीच्या तोंडावर दार लावत होतो, तेही देवाचं नाव घेऊन!

त्या संध्याकाळी तिने सगळ्यांदेखत चिमीची माफी मागितली. यापुढे ज्याने प्रार्थना सुरू केली, त्यानेच ती संपवायची, असं ठरलं. पण लावलेलं दार असं लगेच उघडत नाही. चिमीची पाळी यायची, सगळे डोळे मिटून बसायचे, ती काही बोलायची नाही. थोड्या वेळाने ती घास घ्यायची, मग बाकीचे घ्यायचे. कितीतरी पाळ्या अशाच गेल्या. दरवेळी आईला वाटे, आज बोलेल. दरवेळी ती मनातल्या मनात हरायची आणि पुढच्या पाळीला पुन्हा डोळे मिटून बसायची.

आणि एकदा त्या शांततेत आवाज आला, “द... द...”

आईने पदर मुठीत धरला. गोट्याने शर्टाची बाही दातांत चावून धरली. ताटांतल्या वाफा विरल्या. “दयाळू द... द...” पुढे काही येईना. चिमीने मोठा श्वास सोडला, डोळे उघडले आणि सगळ्यांकडे बघून म्हणाली, “ब... बाकीचं उद्या.”

कुणीही आमेन म्हटलं नाही. सगळ्यांनी गार जेवण पुढ्यात ओढलं.

गोट्याला मात्र राहवेना. “मग देव उद्यापर्यंत थांबणार?”

“थांबेल की,” आत्या म्हणाली. “आपल्या सगळ्यांसाठी थांबून थांबून त्याला सवय झालीय.”

चिमीचं बोलणं उद्या सुधारेल, असं कुणी सांगू शकत नाही. आईच्या हाती आजही काही नाही. ती फक्त थांबते. पण आपण, घराघरांतले आईबाप, एवढं तरी ध्यानात ठेवू या. आपण उपदेशात सांगितलेला धीर मुलं विसरून जातात. आपण त्यांच्यासाठी धरलेला धीर तेवढा त्यांच्या अंगी लागतो. देव आपलं बोलणं मध्येच तोडत नाही. मग लेकराचं वाक्य तोडणारे आपण कोण?