बंद करायचं नाही

"काय वाट्टेल ते करा, पण बंद तेवढा करू नका हं," काकू दारातूनच म्हणाल्या. "हे तसं सांगून गेलेत."

"बंद कशाला करतोय, काकू? चालू असल्याशिवाय आजार कळतो होय?" डॉक्टर चपला काढत म्हणाला.

डॉक्टर म्हणजे काही खराखुरा डॉक्टर नव्हे. बावीस वर्षं घरोघरी हिंडून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा साधा माणूस. पण कॉम्प्युटरचा डबा उघडायच्या आधी त्यावर तळहात टेकवायचा, मान तिरकी करून ऐकत राहायचा, म्हणून गिऱ्हाइकांनी थट्टेने नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आल्या आल्या बटण दाबून 'बंद करा, चालू करा, झालं काम' म्हणणाऱ्या कारागिरांवर त्याचा भारी राग. बंद केलं की खोड लपून बसते, असं तो म्हणायचा. तिला चालू असतानाच पकडायची, मग तास लागो की दोन. या एका सवयीवर त्याने सगळं नाव कमावलं होतं.

खोली लहानशी होती. खिडकीशी लोखंडी पलंग, त्यावर गुंडाळून ठेवलेली गादी, उशाशी टेबल आणि टेबलावर कॉम्प्युटर. त्याच्या तोंडावरचा तांबडा दिवा एकसारखा लुकलुकत होता. कुणी हातही लावत नसताना आत काहीतरी लिहिलं जात होतं.

"हे कधीपासून?"

"दिव्याचं तर नेहमीचंच आहे. पण हल्ली पडद्यावर रोज येतं, जागा संपली, जागा संपली. आणि चालतो तर असा रडतरखडत! म्हटलं, आतलं काही बिघडायला नको."

डॉक्टरने घड्याळ बघितलं. अकरा वाजले होते. त्याने आधी व्हायरस शोधला. नव्हता. आपोआप काहीबाही उतरवून घेणारं सगळं थांबवलं आणि हाताची घडी घालून पाच मिनिटं दिव्याकडे बघत बसला. दिवा आपला लुकलुकतोच आहे. मग एकेक करत आणखी चार गोष्टी थांबवल्या, प्रत्येकीनंतर पाच मिनिटं थांबला. काही फरक नाही.

"लबाड आहेस लेका," तो डब्याला म्हणाला. त्याला मजा यायला लागली होती. अशी खोड वर्षातून एखादीच भेटते.

"आधी चहा घ्या बघू," काकू कप घेऊन आल्या.

"राहू दे काकू, हे सापडेपर्यंत..."

"राहू दे काय? या घरात दुसऱ्या कुणासाठी चहा टाकून तीन महिने झाले. गुपचूप घ्या."

मग मात्र तो बसला. काकूही पलंगाच्या कडेला टेकल्या आणि बोलत राहिल्या. काका टेलिफोन खात्यात वायरमन होते. अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी स्वतःच पलंगाच्या दांडीला माइक बांधून घेतला. म्हणजे हाक मारली की काकूंना स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर ऐकू जाईल. बोललेलं सगळं साठत राहील अशीही सोय केली.

"दुपारी माझा डोळा लागला की हे त्या माइकशी बोलत बसायचे. माझ्यासाठी. चाळीस वर्षांत कधी धड चार शब्द बोलले नाहीत हो! म्हणायचे, तोंडावर नाही बोलता येत, मी गेल्यावर ऐक." काकूंनी पदराने टेबलाची कड पुसली. "रोज ठरवते, आज ऐकू. धीरच होत नाही. पण आता झालाय. तुमचं काम उरकलं की तेवढं लावून द्या मला."

"देतो की, काकू."

कप खाली ठेवून डॉक्टर पुन्हा वळला. कोणता प्रोग्राम किती लिहितोय त्याची यादी त्याने उघडली, आणि चोर पहिल्याच ओळीत सापडला. माइकचा प्रोग्राम. अजून चालूच होता. तीन महिने रिकाम्या पलंगाचा आवाज दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत साठवत होता. डॉक्टर हसणारच होता, तेवढ्यात त्या प्रोग्रामच्या सूचनांतली ओळ त्याला दिसली: जागा भरल्यावर सर्वांत जुना तुकडा पुसून त्या जागी नवा लिहावा.

त्याने झटकन प्रोग्राम थांबवला. दिवा विझला. साडेबारा वाजले होते.

"काका कधी गेले, काकू?"

"एकवीस तारखेला. दुपारी पावणेचारला."

सर्वांत जुना उरलेला तुकडा एकवीस तारखेचाच होता. दुपारी साडेतीनचा.

"त्या दिवशीही तुम्ही झोपला होतात?"

"हो ना. दोन ते साडेतीन. का हो?"

पुसलेलं परत काढायच्या युक्त्या त्याला येत होत्या. त्याने त्या सगळ्या करून पाहिल्या. पण जिथे पुसलं, तिथेच लगेच नवं लिहिलं गेलं होतं. काही म्हणजे काही उरलं नव्हतं. सांगितलं नसतं तरी कुणाला कळणार होतं? 'यंत्र बिघडलं' म्हणून सुटता आलं असतं. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून खोटं बोलायला त्याची जीभ वळेना.

"काकू, आधीचं सगळं मी यायच्या आधीच गेलं होतं," तो म्हणाला. "पण शेवटचा दीड तास होता. मी दारात आलो तेव्हा होता. आल्या आल्या बंद केलं असतं, तर वाचला असता. मी तपासत बसलो, आणि दर दहा मिनिटांनी एकेक तुकडा पुसला जात राहिला."

काकूंना समजायला जरा वेळ लागला. मग त्यांची नजर रिकाम्या कपाकडे गेली. "चहा मीच आग्रहाने पाजला..."

"चहाचा काही संबंध नाही," तो घाईने म्हणाला. "चूक माझी आहे."

चहाला वीस मिनिटं लागली होती. म्हणजे दोन तुकडे.

काकूंनी कप बाजूला सारला. मग काकू म्हणाल्या, "जे आहे ते लावा."

त्याने साडेतीनचा तुकडा लावला. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग काकूंचा, झोपेतून उठलेला.

"कुणाशी बोलत होतात?"

"तुझ्याशी." मध्ये खूप दम लागल्याचा आवाज. "झालं. सांगून झालं बघ सगळं. ऐकशील ना?"

"ऐकेन हो. पळून जातंय का कुठे ते?"

काका हसले. हसता हसता खोकला आला, मग भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज, मग नुसता श्वास. दहा मिनिटं संपली.

"पुढचा आहे अजून," डॉक्टर हळूच म्हणाला.

"पुढचं माहीत आहे मला." काकूंनी पदर तोंडावर धरला. रडणं तरीही थांबेना, आणि डॉक्टर खाली मान घालून बसून राहिला. त्याचेही डोळे वाहत होते.

त्याने ती दहा मिनिटं तीन ठिकाणी उतरवून दिली, चिठ्ठ्या चिकटवल्या. मग विचारलं, "आता बंद करू?"

काकू उठल्या आणि बटण त्यांनी स्वतःच दाबलं. डब्यातल्या पंख्याची घरघर थांबली. कधी नव्हे ती खोलीत शांतता झाली. डॉक्टरने सवयीने डब्यावर तळहात टेकवला. डबा अजून गरम होता.