पडद्याच्या पलीकडची बाजू

मी एक जुना पडदा आहे. फिरत्या टॉकीजचा, मांजरपाटाचा, चारी कडांना काळी किनार असलेला. आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा स्वभाव फार संशयी आहे. तुम्ही आत्ता मान डोलावलीत ती मनापासून की शेजाऱ्याचं बघून, असाही मला संशय येतो आहे.

याला कारण आहे. ज्याच्या अंगावर सिनेमा पडतो त्याला सिनेमा दिसत नाही. मला दिसतात ती बघणाऱ्यांची तोंडं. नायिका रडली की मला नायिका दिसत नाही, डोळ्यांत कचरा गेला म्हणून उपरणं शोधणारा पैलवान दिसतो. अंधारात आपल्याला कोणी बघत नाही अशी माणसांची समजूत असते, आणि माझ्यावरचा सगळा उजेड त्यांच्याच तोंडावर पडलेला असतो. असा जन्म काढल्यावर कोणाच्या बोलण्यावर विश्वास बसणार?

सोनपेठच्या एका शिंप्याने मला शिवलं. माझे मालक मुंजाजी. त्यांची तंबूची टॉकीज होती, आणि पोखर्णीची जत्रा असो की चारठाण्याची, आमचा तंबू ठरलेला. मला एका बाजूला नाही, मधोमध टांगत. पुढे पुरुष बसत आणि मागे बायका. माझं कापड पातळ, त्यामुळे चित्र आरपार दिसे, फक्त मागून ते उलटं दिसे. पुरुषांच्या बाजूला उजव्या हाताने तलवार चालवणारा राजा बायकांच्या बाजूला डावखुरा असे. इकडच्या कितीतरी बायका सिनेमातली माणसं डाव्या हातानेच जेवतात असं समजून सासरी गेल्या. कोणाची तक्रार नव्हती. मला बांधायला लागले की लोक म्हणत, "पडदा लागला रं!" आणि भाकरी अर्धी टाकून धावत येत.

मग घरोघर टीव्ही आले, त्यानंतर खिशाखिशात मोबाईल आले. तंबू विकला गेला. मला विकत घेणारं कोणी नव्हतं. कधी सोयाबीनच्या ढिगावर, कधी कडब्यावर, असा मी पडून राहिलो. एका कोपऱ्याला उंदरांनी भोक पाडलं. ज्याच्यासाठी लोक ताटावरून उठत त्याच्यावर कोंबड्या फिरू लागल्या. जगरहाटीच ती, पण मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या धम्मशीला मॅडम मुंजाजींकडे आल्या. गावात म्हातारी माणसं फार, त्यांच्यासाठी एक सिनेमा दाखवायचा म्हणाल्या. शाळेचं यंत्र होतं, पडदा नव्हता. मुंजाजींनी मला झटकलं, धुतलं आणि शाळेच्या मैदानात दोन खांबांना बांधलं. मधोमध. हातांना तीच सवय.

"सगळे एकाच बाजूला बसू की," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई मॅडम, रीत हाय," दत्तराव म्हणाले. हे दत्तराव म्हणजे गावाचे बिनपगारी फौजदार. कोणाच्या घरी पाहुणा कशाला आला हे त्यांना पाहुण्याच्या आधी कळतं. मग रीतीप्रमाणे बापे पुढे, बाया मागे. मॅडमनी सांगितलं होतं की सिनेमा म्हातारपणावर आहे. त्यामुळे पोरं आईबापाला घराबाहेर काढतात असा काहीतरी रडका सिनेमा असणार, असं धरून सगळी मंडळी पदर आणि रुमाल घेऊनच बसली होती.

दिवेलागणीला यंत्र सुरू झालं. थोडा वेळ सगळं ठीक चाललं. आणि मग सिनेमातल्या सत्तरीच्या विधुराने केसांना कलप लावला. हे मला नंतर कळलं, तेव्हा मला दत्तरावांचं तोंड दिसलं. त्यावरून काहीतरी भलतंच घडलं हे मी ओळखलं. पुढे एका म्हातारीचा आवाज आला, "गजरा कशाला आणला?" आणि म्हातारा म्हणाला, "वास येतो म्हणून."

पुरुषांच्या बाजूला एकदम खोकला सुटला. खोकला खरा नव्हता, मी ओळखतो. काहीजण जमिनीवर काड्या शोधू लागले. एकजण उगाच हसला आणि शेजाऱ्याने बघताच गप्प झाला. लगेच कुजबुज सुरू झाली. हा सिनेमा गावात आणायला सांगितला कोणी? कोणासाठी? प्रत्येकजण दुसऱ्याकडे वळून पाहू लागला. मुंजाजी विधुर, त्यांनीच पडदा दिला, म्हणजे पाणी तिथेच मुरत असणार! बिचारे मुंजाजी दोरी धरून उभे होते, ते अंग चोरून खांबाआड गेले.

मागची बाजू मात्र वेगळी होती. तिकडे कोणी खोकत नव्हतं. दत्तरावांची बायको सुलाबाई तोंडाला पदर लावून बसली होती, आणि पदराआड ती हसत होती की रडत होती, हे माझ्यासारख्या मुरलेल्या पडद्यालाही सांगता येईना. तिच्या शेजारी बायनाबाई, मांडीवर झोपलेला नातू. तिची पापणी हलत नव्हती. पलीकडे तिची सून निकिता बसली होती, आणि निकिताची नजर माझ्यावर नव्हतीच, सासूवर होती.

निकिताला कशाचा संशय होता ते सांगतो, कारण ती सुरुवातीपासून मोबाईलवर हळू आवाजात बहिणीशी तेच बोलत होती. ती आणि तिचा नवरा बालाजी परभणीला राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं बायनाबाईला कायमचं परभणीला नेणार होती, बाळ सांभाळायला. सासरे बन्सीधर इथेच शेत बघणार. शेतात गोठ्यालगत खोली असते, तिला इकडे आखाडा म्हणतात. बन्सीधर तिथेच राहत, जेवायला तेवढे घरी येत. "पर दोन दिस झाले, सारखं काय ना काय इसरलं म्हणून घरी यायलेत," निकिता बहिणीला सांगत होती. "तंबाखू इसरली, विळा इसरला. सासूबाईंची पेटी भरायलाव तर दारात उभं राहून बघायलेत. डोक्यात काहीतरी शिजायलंय. जमिनीचं असंल न्हाई तर सोन्याचं."

तेवढ्यात सिनेमातला म्हातारा म्हणाला, "पाय इकडे करा, भेगांना तेल लावतो."

"बंद करा हे!" दत्तराव ओरडले. "लेकीबाळी बसल्यात पलीकडं! वढा रं तो पडदा खाली!"

आणि पुरुषांतून बन्सीधर उठले. थेट माझ्याकडे आले. मला वाटलं, आता हा दोरी सोडणार आणि मी धुळीत पडणार! पण बन्सीधरांनी दोरीला हातसुद्धा लावला नाही. खांबाला वळसा घातला आणि ते बायकांच्या बाजूला गेले. त्या बाजूला माझ्या देखत कधी पुरुष गेला नव्हता. ते बायनाबाईच्या सतरंजीवर, तिच्या शेजारी, मांडी घालून बसले.

बायकांनी पदर सावरले. बातमी वाऱ्यासारखी पुढच्या बाजूला पोचली आणि बालाजी धापा टाकत आला.

"अण्णा, काय झालं? छातीत दुखायलंय का? गाडी काढू?"

"न्हाई रं. मी बरा हाय."

"मग हिकडं कशाला आलात?"

"हिच्याजवळ बसून बघायचा हाय शिनेमा. येवढंच."

बालाजीचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नव्हता. तो वाकून हळूच म्हणाला, "अण्णा, जमिनीचं काही असंल तर घरी बोलू. असा तमाशा नको."

तेव्हा बायनाबाई बोलली. आवाज मोठा नव्हता, पण यंत्राच्या आवाजावरून ऐकू गेला. "जमिनीचं न्हाई, बाळू. मी परभणीला येत न्हाई. मला आखाड्यावर ऱ्हायाचंय, ह्यांच्यापाशी."

"आई! हे काय वय हाय का? लोकं बघायलेत."

"बघू दे. तुझं लगीन झालं, आतली खोली तुमाला दिली. ते बरोबरच झालं. ह्यांची बाज आखाड्यावर गेली, माझं अंथरूण चुलीपाशी आलं. पुढं तुमी परभणीला गेलात, खोली रिकामी झाली, तरी ह्यांना कोणी घरात ये म्हणलं न्हाई आन मला मागायची लाज वाटली. हे पाहुण्यावानी येतात, जेवतात आन जातात. आता तेबी तोडायलास."

"पर या वयात..."

"मग वय कवा व्हतं?" बन्सीधरांनी विचारलं. "तरुणपणी तुझ्या आजीपुढं हिच्याशी बोलायची चोरी. आता तुझ्यापुढं चोरी. मधी आमचं वय कवा येऊन गेलं, मला तर दिसलंच न्हाई."

सिनेमा चालूच होता, पण तो कोणीच बघत नव्हतं. पुढची माणसं उठून माझ्या दोन्ही कडांशी गोळा झाली होती. सगळा गाव त्या एका सतरंजीकडे बघत होता. विधुर शोधले, विधवा शोधल्या, पण नवराबायकोवर संशय घ्यायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या तर मुळीच नाही.

बालाजी निकिताकडे बघू लागला. निकिता उठली, सासूसमोर वाकली आणि झोपलेलं बाळ तिच्या मांडीवरून उचलून तिने स्वतःच्या खांद्यावर घेतलं. रागाने घेतलं की समजून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण बायनाबाईची मांडी मोकळी झाली, आणि सुलाबाई पदर काढून म्हणाली, "बस गं बायना. कोण उठवतंय तुला, बघते मी."

दत्तरावांनी दुसऱ्या दिवशी फर्मान काढलं की हा पडदा पुन्हा शाळेत लागणार नाही, यानेच गाव नासवलं. मॅडम खूप बोलल्या, पण मुंजाजी घाबरले. शेवटी बायनाबाईनेच मला मागून घेतलं. आखाड्याची एक बाजू उघडी आहे, तिला आडोसा हवा होता.

बालाजीनेच ट्रॅक्टर आणला. तिची बाज, पेटी आणि मी, असे आम्ही ट्रॉलीतून गेलो. आखाड्यात बापाची बाज एका भिंतीला होती, बालाजीने आईची नेऊन दुसऱ्या भिंतीला लावली.

"बाळू," बायनाबाई म्हणाली, "अजून अलीकडं घे."

त्याने खाली मान घालून बाज सरकवली.

तेव्हापासून मी आखाड्यावर आहे. सुरुवातीला बांधावरून जाणाऱ्यांची वर्दळ फार वाढली. कोणाची शेळी हरवे, कोणाला अचानक पाणी हवं असे. ही दोघं तिथे काय करतात हे प्रत्येकाला बघायचं होतं. आयुष्यभर मी दाखवण्याचं काम केलं, पण इथे मी झाकण्याचं करतो आणि ते मला जास्त आवडतं. काय करतात ते मीही सांगणार नाही. चहा पितात एवढं सांगतो.

दत्तराव तर सारखेच यायचे. मला वाटे, हे पाळत ठेवतात. परवा संध्याकाळी ते आले तेव्हा बन्सीधर एकटेच गोठ्यापाशी होते. दत्तराव बराच वेळ तुरीबद्दल बोलले. मग इकडे तिकडे बघून माझ्याआड आले आणि म्हणाले, "बन्सी, एक इचारू? त्या दिशी उठून पलीकडं जाताना तुझे पाय कापले न्हाईत का?"

"लय कापले."

"मग गेलास कसा?"

"ती उद्या जायलीय म्हणलं, मग गेलो."

"आमची सुला तर घरातच असती," दत्तराव म्हणाले, "पर माझ्यानं अंगण वलांडून चुलीपाशी जाणं होईना." आणि त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. कचरा गेला असं काही म्हणाले नाहीत.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही, माझं बरं चाललं आहे. पण तुमच्या घरी आजी कुठे झोपते आणि आजोबा कुठे झोपतात, ते आज बघा. लांब असतील तर का, असं त्यांना विचारू नका, त्यांना लाज वाटेल. त्यांच्याजवळ बसा आणि एवढंच विचारा, "आजी, आजोबांचं अंथरूण इकडे आणू का?" ती नको म्हणेल. लगेच विश्वास ठेवू नका.