धाकटीच्या चिठ्ठ्या

डिस्क मेली होती एक आणि मी उपटली दुसरीच, चांगली धडधाकट. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको की बाई, तू तर यातली जाणकार.

जाणकार आहेच मी. एका मोठ्या दवाखान्यातले संगणक गेली चौदा वर्षं सांभाळते. घरातला सर्व्हरही माझाच. चपलांच्या कपाटावर ठेवलेला काळा डबा, त्यात चार खण, चार डिस्क, आणि त्यांच्यावर अकरा वर्षांचं आमचं अख्खं घर. माझ्या लेकीचं पहिलं पाऊल, तिचे बोबडे बोल, सासऱ्यांनी काढलेले फोटो, सगळं तिथे. चारांतली एक डिस्क गेली तर डबा निभावून नेतो, दोन गेल्या की कुलूप. म्हणून गेलेली लगेच बदलायची, एवढंच काम. शिवाय दुसरी प्रत वेगळी ठेवायची, हे मी दवाखान्यात सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडत असते. घरी मात्र ठेवली नव्हती.

सासूबाई रोज दुपारी तीनला टीव्हीवर त्या डब्यातलेच व्हिडिओ बघतात. काही अडलं की मला हाक. घरात एवढी एकच गोष्ट होती जी फक्त मला येत होती.

होती म्हणायचं, कारण मग धाकटी आली. धाकटी म्हणजे माझी जाऊ. लग्न होऊन वर्षाच्या आत दिरांबरोबर लांबच्या देशात गेली, आणि तिथे असलेच मोठमोठे सर्व्हर सांभाळायची नोकरी धरली. दोन वर्षांपूर्वी सुट्टीला आली तेव्हा एका दुपारी तिने डब्याच्या चारही खणांवर रंगीत चिठ्ठ्या डकवल्या. प्रत्येक डिस्कवर कंपनीने छापलेला जो लांबलचक नंबर असतो, तो मोत्यासारख्या अक्षरात. झालं. सासूबाईंनी पुढचा महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला नेऊन ते दाखवलं. "बघा, काय टापटीप आहे आमची धाकटी." इतकी वर्षं मी त्या डब्याची धूळ पुसली, पण पाहुण्यांना त्याच्यापर्यंत कुणी नेलं नव्हतं.

माझ्या पोटात दुखलं. चांगलं कळ येऊन दुखलं. धाकटी विमानात बसली त्याच आठवड्यात मी केस वाळवायचं यंत्र घेऊन त्या चिठ्ठ्या गरम केल्या आणि सोलून काढल्या. चिकटा पुसायला डिस्क बाहेर घेतल्या, परत घातल्या, आणि वर काळ्या पेनाने एक, दोन, तीन, चार लिहिलं. सासूबाईंना सांगितलं, उन्हाने निघाल्या. चपलांच्या कपाटाला ऊन कुठून लागणार, हे त्यांनी विचारलं नाही.

तर परवा सकाळी डबा कोकलायला लागला. पडद्यावर आलं, अमुक नंबरची डिस्क गेली. तो नंबर माझ्या जुन्या वहीत तिसऱ्या खणापुढे लिहिलेला होता. डबा बंद करायचा, डिस्क काढून तिच्यावरचा नंबर ताडून बघायचा, मग बदलायची. हे मी झोपेतही सांगेन. पण सासूबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "जमेल ना गं? की धाकटीला विचारूया?"

माझं डोकंच फिरलं. "मला येतं, आई," म्हटलं आणि चालू डब्यातून तिसरा खण ओढला.

डबा एकदा किंचाळला आणि गप्प झाला. हातातल्या डिस्कवर भलताच नंबर. चिकटा पुसताना दोन डिस्कची अदलाबदल झाली होती, आणि वही जुनीच राहिली होती. डिस्क परत आत ढकलली, पण डबा तिला ओळख देईना. पडद्यावर एकच बटण: नव्याने सुरुवात करा. ते दाबलं तर डबा चालू झाला असता, पण कोरा.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. वेळ लागेल."

तासभर मी सगळं करून पाहिलं. लेकीचं पहिलं पाऊल दुसरीकडे कुठेच नव्हतं. शेवटी नाक मुठीत धरून धाकटीला फोन लावला. तिच्याकडे नुकती सकाळ झाली होती.

"ताई, आधी त्या बटणाला हात लावू नका," ती म्हणाली. "आता मला चिठ्ठ्यांवरचे नंबर वाचून दाखवा."

मी चारही खणांवरचे माझे काळे आकडे बघितले.

"ताई?"

"चिठ्ठ्या नाहीत. मी काढल्या."

"का?"

खोटं तयार होतं, ऊन वगैरे. पण तासाभरात इतकी खचले होते की खरंच तोंडातून गेलं. "सगळे तुझं कौतुक करत होते म्हणून."

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. मग ती म्हणाली, "माझ्याकडे चिठ्ठ्यांचा फोटो आहे. पाठवते. डिस्क बाहेर काढा आणि त्यात दिसतात तशाच क्रमाने लावा."

लावल्या. मग तिने एकेक ओळ सांगितली, मी टाइप करत गेले. चांगल्या तिघी कामाला लागल्या, मेलेली काढून तिच्या जागी आणून ठेवलेली नवी घातली. एक टक्का, दोन टक्के. उद्या दुपारपर्यंत भरेल म्हणाली. मी तिथेच जमिनीवर बसले आणि पदराने तोंड पुसलं.

"आता नोंदी उघडा," ती म्हणाली, "डिस्क कधीपासून कुरकुरत होती ते बघू."

कुणी कधी काय उघडलं, परदेशातून इंटरनेटवरून उघडलं तरी, ते सगळं डबा लिहून ठेवतो. मी खाली खाली जात राहिले. रोज, तिच्या संध्याकाळच्या वेळी, तिच्या नावाने एकच व्हिडिओ उघडलेला. काल, परवा, गेल्या वर्षी. मी तो लावला. स्वयंपाकघर. मी आणि सासूबाई मटार सोलतोय. सासूबाई मला झापतायत, अर्धे दाणे सालातच टाकतेस, लक्ष कुठे असतं तुझं. मी उलट बोलतेय. मग दोघी हसतोय. लेकीने कधी काढला होता, मला आठवतही नाही.

"हे काय बघतेस गं रोज?" मी विचारलं.

"तुम्हाला त्या ओरडतात ते," धाकटी म्हणाली. "मला कधीच ओरडल्या नाहीत, ताई. पहिल्या दिवसापासून नुसतं कौतुक. पाहुण्याला कोण ओरडतं? तो व्हिडिओ लागला की मला तुमचा इतका राग येतो."

माझा राग. म्हणजे एवढी वर्षं मी तिच्यावर जळत होते आणि ती तिथे बसून माझ्यावर. खरं सांगते, आधी मला मनापासून बरं वाटलं. मग लाज वाटली.

तेवढ्यात सासूबाई आल्याच. "अजून जमिनीवर बसलीस? सकाळपासून पोटात अन्न नाही, आणि त्या डब्यापुढे ठाण मांडून! तब्येत बिघडली म्हणजे कोण निस्तरणार?"

मी उठले, फोनचा आवाज मोठा केला आणि त्यांच्यापुढे धरला. "हिलाही सांगा, आई. हीसुद्धा काही न खाता बसलीय."

सासूबाईंनी पदर खोचला. मग सुटल्या. "काय गं, तुला कळत नाही? दोघी सारख्याच! एवढी शिकलीस, पण वेळेवर दोन घास खायची अक्कल नाही. ऊठ आधी, फोन ठेव, आणि खा काहीतरी. उत्तर देऊ नकोस मला."

"हो आई," धाकटी म्हणाली. रडत होती की हसत होती, मला कळलं नाही.

सासूबाई तिला आणखी पाच मिनिटं झापत राहिल्या, अगदी माझ्या वाटणीचे शब्द वापरून. लक्ष कुठे असतं तुझं, हेसुद्धा. मीच फोन पुढे केला होता, मीच तो धरून उभी होते. आणि माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.