ब्रेकातलं तेल

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव."

"धरलं की. किती येळ धरू?"

"सोड म्हणेपर्यंत."

लग्न झाल्यापासून हनुमंतरावांनी बायकोला दिलेले आणि तिने पाळलेले हे पहिलेच हुकूम असावेत. चाकूरच्या आपल्या अंगणात ते गाडीच्या मागच्या चाकापाशी आडवे पडले होते. पंचफुलाबाई पदर खोचून ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या होत्या. चेहरा असा, की आता गाडी त्याच नांदेडपर्यंत नेणार.

ब्रेकातली हवा काढायचं काम चाललं होतं. चाकाच्या आतल्या बाजूच्या बारीक निपलला नळी, नळीचं टोक बाटलीत. बाईंनी ब्रेक दाबून धरायचा, यांनी निपल सैल करायचं, तेल आणि बुडबुडे बाहेर आले की निपल आवळायचं, मग बाईंनी पाय उचलायचा. मोबाइलवरच्या व्हिडिओत एक पोरगा हे सगळं शिट्टी वाजवत करत होता. त्याला कंबर नसावी.

दिवाळीपासून गाडीला ब्रेक नव्हता. पाणीपुरवठ्यात आयुष्यभर लिपिक म्हणून काम केलेला माणूस अशाने खचत नाही. समोर मलप्पाच्या अर्धवट घरापुढे वाळूचा ढीग होता. गल्लीत शिरताना गियर उतरवायचा, हँडब्रेक ओढायचा आणि गाडीचं तोंड वाळूत घालायचं. मलप्पा रोज संध्याकाळी खोऱ्याने ढीग पुन्हा वर ओढायचा आणि शब्दाने बोलायचा नाही. पण गेल्या आठवड्यात त्याने स्लॅब टाकला, वाळू संपली, आणि हनुमंतरावांना ब्रेक दुरुस्त करण्यावाचून इलाज उरला नाही.

चंद्रप्पा मेस्त्रीने आधी एकदा उघडून बघितलं होतं.

"आतले रबर भज्यासारखे फुगलेत, साहेब. ह्यात काय ओतलं होतं?"

"ब्रेकचंच तेल," असं म्हणून यांनी गाडी परत वाळूत आणून उभी केली होती. चंद्रप्पाची सासुरवाडी देवणीची. देवणीलाच पंचफुलाबाईंची थोरली बहीण, उमाबाई. बातमी तिकडे पोचायला वेळ लागला नसता. म्हणून लातूरहून नवे रबर आणून ते घरीच बदलायचे ठरले. ते काल बसले. आज वरून नवं तेल भरत नळ्यांतलं जुनं तेल आणि हवा काढली की झालं.

आणि आज देवणीलाच जायचं होतं. उमाबाईचा हात मोडला होता.

"जायचं म्हणून चालले," सीटवरून आवाज आला. "पण एकदा तोंडावर इचारणार हाय."

"काय?"

"तेलाचं. माहेरच्या करडीचं, घाण्यावरनं काढलेलं तेल. दिवाळीला आक्का राहून गेली अन् डबा रिकामा. भूत पिलं का?"

गाडीखाली पाना निपलवरून घसरला.

"दाब," हनुमंतराव म्हणाले.

बाटली भरली. त्यांनी ती हात लांब करून चाकापलीकडे ठेवली आणि सवयीने म्हणाले, "एवढं गटारीत ओत."

म्हणाले आणि जीभ चावली. तोवर बाई खाली उतरून बाटली नाकाशी नेत होत्या. एकदा हुंगलं. मग डोळे मिटून पुन्हा हुंगलं.

"ओ."

"हं."

"हे करडीचं हाय."

हनुमंतराव गाडीखालून बाहेर आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "सणाची दुकानं बंद होती. म्हणलं तेल ते तेल. वरून भरलं की ते चाकातून गळायचं. पुन्हा भरलं."

"अख्खा डबा?"

"गळतच होतं ना."

पंचफुलाबाई पायरीवर बसल्या.

"अन् म्या आक्काला फोनवर चोर म्हणले. तुम्ही शेजारी बसून चहा पीत होते."

"सांगणारच होतो."

"कवा? गाडी भंगारात गेल्यावर?"

त्या उठल्या. पुन्हा सीटवर जाऊन बसल्या, ब्रेकवर पाय ठेवला.

"आटपा. तिथं तुम्ही सांगायचं. म्या न्हाई."

उरलेल्या चाकांची हवा निघाली. दाब, धर, सोड.

देवणीच्या वाटेवर शेळ्या आडव्या आल्या. हनुमंतरावांनी ब्रेक दाबला आणि गाडी शेळ्यांच्या अलीकडेच, दबकून थांबली. इतक्या महिन्यांनी ती पहिल्यांदा स्वतःहून थांबली होती. त्यांनी कौतुकासाठी शेजारी पाहिलं. पंचफुलाबाईंनी दोन्ही पाय पुढच्या पत्र्याला रेटून धरले होते. तिकडे ब्रेक नव्हता.

उमाबाई ओसरीवर बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. धाकटी बहीण समोर येऊन बसली, पण एकीने प्लास्टरकडेच पाहिलं, दुसरीने पदराकडे. हनुमंतरावांनी चप्पल काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"आक्का, ते तेल म्या घेतलं होतं. गाडीत ओतलं. ब्रेकात."

उमाबाईने त्यांच्या काळ्या नखांकडे पाहिलं.

"मग थांबली का गाडी?"

"न्हाई."

"मग कशानं थांबत होती, पाव्हणं?"

"वाळूनं."

उमाबाईने मान हलवली. आता काहीही ऐकायची तयारी आहे, अशी.

"हं," ती म्हणाली. "म्हंजी गाडीला वाळू, अन् चोर म्हणायला मी."

"वाढ गं," तिने आत हाक मारली. सुनेने ताटं आणली. भाकरी, वरण, शेंगदाण्याची लाल चटणी. चटणीवर घालायला तेलाची बाटली आणायला सून वळली, तशी उमाबाई म्हणाली,

"राहू दे. दिवाळीपासून म्या वरनं तेल घेत न्हाई."

आवाजात राग नव्हता. औषधाची वेळ सांगावी तशी ती म्हणाली.

पाहुण्यांसाठी म्हणून सून तरी बाटली घेऊन आली. तिने ती पंचफुलाबाईंपुढे धरली. पंचफुलाबाईंनी ताटावर हात आडवा धरला. मग भाकरीचा तुकडा मोडला, कोरड्या चटणीत दाबला आणि तोंडात घातला. तिखटाचा ठसका लागला. त्या खोकत राहिल्या, डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरा घास त्यांनी तसाच घेतला.

हनुमंतराव खाली मान घालून कोरडी भाकरी चावत होते.

उमाबाईने डाव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलायचा प्रयत्न केला. तो उचलेना. मग तिने तो फरशीवरून हळूहळू सरकवत बहिणीच्या ताटापाशी नेला.