नऊ नंबरची तहान

सुंदरबाईंनी माठ तिरपा केला, तळाचं पाणी तांब्यात घेतलं आणि सकाळपासून तिसऱ्यांदा सहा नंबरच्या खाटेकडे गेल्या.

"आधी बस. पाय खाली सोड. घटकाभर थांब, मग उभी राहा."

गेली कित्येक वर्षं त्या हे रोज सांगत होत्या. आता त्यात आवाजही उरला नव्हता, नुसता श्वास.

सहा नंबरची शेवंताबाई घटाघटा पाणी प्यायली. "अक्का, त्या गोळीनी तोंडमा कापूस कोंबेल शे असं वाटस."

"लागू पडतेय म्हणून तसं होतं. पी."

धुळ्यातल्या दवाखान्याचा तो बायकांचा वॉर्ड, सुंदरबाई तिथल्या नर्स. चैत्र तापला होता, पंखा गरम वारा फिरवत होता. मन खचलेल्या बायका या गोळ्यांवर होत्या; उठताना साऱ्यांना चक्कर येई आणि साऱ्या पाणी पाणी करत होत्या.

दारात कौतिक उभा होता. इस्त्रीचं धोतर, कोरी टोपी. एरंडोलजवळच्या खेड्यातून तो बायकोला न्यायला आला होता. तीनची बस होती.

"कौतिकभाऊ, बायकोले लेवाले उनात का वरातमा?" शेवंताबाईनं टोमणा मारला. वॉर्ड हसला. कौतिकही लाजून हसला.

तीन आठवड्यांपूर्वी त्यानं बायकोला, भिकुबाईला, विहिरीच्या काठावरून ओढून आणलं होतं. तिला नऊ नंबरची खाट मिळाली. तेव्हा ती बोलत नव्हती, जेवत नव्हती. पहिल्यांदा तोंड उघडलं ते मशेरी मागायला. सुंदरबाईंनी नियम मोडून लावू दिली. गोळी घेतली की लगेच ती मशेरीचं बोट तोंडात घाली. गोळीनंतर जीभ वर करून बघायची असते, पण तोंडात मशेरी घेऊन बसलेल्या बाईला काय 'आ' करायला लावायचं, म्हणून सुंदरबाई मान वळवीत. त्यांची आईही मशेरी लावताना अशीच भिंतीकडे तोंड करून बसायची.

आज भिकुबाईनं वेणी घातली होती, गाठोडं बांधलं होतं. कंगवा शेवंताबाईला देऊन टाकला होता. "ठेव तुले. माले आते नही लागत."

सुंदरबाई सुट्टीचा कागद घेऊन आल्या. "पाणी पिऊन घे गं. बसमध्ये ऊन लागेल."

"तहान नही व अक्का."

भिकुबाई झटक्यात उठली, मोरीपाशी गेली आणि थुंकली. काळी लांबलचक पिंक मोरीत पडली.

सुंदरबाई त्या पिंकेकडे बघत राहिल्या. मग माठाकडे. तीन आठवड्यांत नऊ नंबरनं एकदाही पाणी मागितलं नव्हतं. उठताना एकदाही खाट धरली नव्हती. 'गोळीचा त्रास नाही' असं त्यांनी स्वतःच्या हातानं कागदावर लिहिलं होतं.

त्यांनी हात पुढे केला. "भिकु, चिमूटभर मशेरी दे. दाढ ठणकतेय."

"अक्काबी मशेरी लावस व माय!" शेवंताबाई खिदळली.

भिकुबाईचा हात कमरेशी गेला आणि तिथंच राहिला. "सरी गयी."

"आत्ताच तर लावलीस."

मागितलेल्या मशेरीला नाही म्हणायची रीत नव्हती. साऱ्या खाटा बघत होत्या. भिकुबाईनं डबी काढून हातावर ठेवली. सुंदरबाईंनी बोट बुडवलं. काळ्या भुकटीखाली बोटाला कडक, गोल काहीतरी लागलं. शेजारी आणखी. त्यांनी झाकण लावलं आणि डबी खिशात टाकली.

"कौतिकभाऊ, आज नाही न्यायचं."

"का व अक्का? चांगली बोलस, चालस..."

"माझंच बघायचं राहून गेलं."

कौतिकनं टोपी काढली, परत घातली.

डॉक्टरांच्या खोलीत सुंदरबाईंनी डबीतल्या गोळ्या टेबलावर ओतल्या आणि सारं सांगितलं. जे ऐकायचं ते उभ्यानं ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून गोळीच्या वेळी त्या नऊ नंबरपाशी स्टूल घेऊन बसू लागल्या. जीभ वर, गालाच्या आत बोट, मग अर्धा तास तिथंच. नवी मशेरी त्यांच्याच खिशात असे, अर्धा तास झाला की देत. भिकुबाई ती घेई आणि भिंतीकडे तोंड करी. एकदा एवढंच म्हणाली, "तुले कोनी सांगेल व्हतं?"

सुंदरबाईंनी स्टूल खाटेजवळ ओढलं. गुडघे दुखत होते. बाकीच्या खाटा हाका मारत होत्या.

आठव्या की नवव्या दुपारी त्यांना स्टुलावरच डुलकी लागली.

"अक्का."

त्यांनी डोळे उघडले. भिकुबाईचं तोंड भिंतीकडेच होतं. आवाज रागाचा होता, जीभ टाळूला चिकटल्यासारखा.

"घसा सुकी ग्या व. पानी दे ना."

सुंदरबाई माठापाशी गेल्या. खांद्यावर घेऊन तो पार आडवा केला, तांब्या भरेपर्यंत धरला.

भिकुबाई आधी बसली. पाय खाली सोडले. थांबली. मग एका दमात तांब्या रिकामा केला.

"अजून?"

रिकामा तांब्या तिनं पुढे धरला.