आठ माणसांची लिफ्ट

सहा वाजून चार मिनिटांनी लिफ्ट चौदाव्या मजल्यावर आली, तेव्हा तो आणि त्याची बायको दारासमोर उभेच होते. तिच्या खांद्याला डब्यांची पिशवी, त्याच्या पाठीला हत्यारांची. आत शिरून दोघं मागच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली, कारण जे आधी चढतात त्यांनी आक्रसून घ्यायचं हा इमारतीचा अलिखित नियम होता. तेराव्यावर बँकेतले शिपाई आणि त्यांची नोकरीला लागलेली मुलगी आली. अकराव्यावर दोघं भाऊ, डोळ्यांत झोप घेऊन. नवव्यावर नर्स, सातव्या महिन्याचं पोट दोन्ही हातांनी सांभाळत.

"सरका, सरका, दोघं आली," शिपाई म्हणाले.

"काका, रोज तोच विनोद," नर्स हसत म्हणाली.

"मग काय करू? बाळाला रोज नवीन आहे."

सहाव्या मजल्यापर्यंत बारा माणसं झाली. दाराच्या वरच्या पट्टीवर 'क्षमता: आठ व्यक्ती' असं कोरलेलं होतं, तिकडे कुणाचं लक्ष जात नसे, त्याच्याखेरीज. चौथ्या मजल्यावर दार उघडलं. तिथला छापखान्यातला कामगार एक पाय आत टाकतो न टाकतो, तोच केबिन खाली सरकली. धक्का नाही, आवाज नाही; थकलेला माणूस खुर्चीत खचावा तशी चार बोटं खाली खचली आणि थांबली.

"अगं बाई, लिफ्टलापण डुलकी!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. कामगारानं दुसरा पाय आत ओढून घेतला. दार बंद झालं.

तो हसला नाही. काल दोन बोटं होती. तळमजल्यापर्यंतचे आकडे त्यानं मनातल्या मनात मोजले.

लिफ्ट दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा होता. शहरातल्या काचेच्या कार्यालयांमधल्या लिफ्ट तो सांभाळत असे. तिथे पोहोचायला या वस्तीतून बस, मग गाडी, मग पुन्हा बस, असे दोन तास लागत. घर घेताना जाहिरातीत चाळीस मिनिटं लिहिलेलं होतं. ती बहुधा पक्ष्याच्या हिशेबानं असावीत. पण घर स्वतःचं होतं. अशीच घरं घेतलेल्या माणसांचे सोळा मजले एकावर एक रचलेले होते, आणि त्या सगळ्यांना सहा वीसची एकच बस गाठायची होती. ती चुकली की पुढची सात वाजता, आणि सातची बस म्हणजे उशिराची लाल खूण. दुसऱ्या लिफ्टची जागा इमारतीत होती. तिच्या तोंडावर पहिल्या दिवसापासून प्लायवूड ठोकलेलं होतं.

चार महिन्यांपूर्वीपर्यंत नववं माणूस आत आलं की लिफ्ट भोंगा वाजवी आणि दार मिटत नसे. मग कोण उतरणार यावर रोज सकाळी तंटा. शेवटी चढलेल्यानं उतरावं, तर शेवटी नेहमी खालच्या मजल्यावरचीच माणसं चढत. एकदा तर दोन शेजाऱ्यांची कॉलरला हात घालण्यापर्यंत मजल गेली. त्या संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी त्याच्या दारात आले.

"तुम्ही यातलेच ना? मग त्या भोंग्याचं काहीतरी करा की."

त्यानं केलं. केबिनच्या जमिनीखाली वजन ओळखणारा एक छोटा खटका असतो. त्याला बगल देणारी चार इंचांची तार त्यानं जोडली. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी अकरा माणसं एकदम खाली उतरली आणि सगळ्यांना बस मिळाली. तेव्हापासून इमारतीत त्याला 'इंजिनिअर' म्हणू लागले. बसमध्ये त्याच्यासाठी खिडकी राखून ठेवू लागले. जन्मभर इतरांच्या इमारतींत मागच्या दारानं शिरलेल्या माणसाला ते सुखावून गेलं, हे तो स्वतःशी नाकारू शकत नव्हता. दोर भक्कम आहेत, दुप्पट वजन पेलतील, असं त्यानं मनाला समजावलं होतं. ते खरंही होतं. पण केबिन जागच्या जागी धरून ठेवतो तो ब्रेक, आणि ब्रेकच्या पट्ट्या रोजच्या या ओझ्यानं झिजत चालल्या होत्या. दोराचा विचार करताना त्यानं ब्रेकचा केला नव्हता. शिकाऊ पोरानंसुद्धा केली नसती अशी ती चूक होती.

दुपारी एका कार्यालयाच्या गच्चीवर, मशीनला तेल देताना, त्यानं उस्तादांना विचारलं. उस्ताद तीस वर्षं याच कामात होते.

"समजा, भरलेली केबिन दार उघडल्यावर चार बोटं खाली बसते. किती दिवस काढेल?"

उस्तादांनी फडकं खाली ठेवलं. "कुणाची लिफ्ट?"

"ओळखीतली."

"चार बोटं बसते म्हणजे दिवस मोजू नकोस. उद्या हातभर बसेल. त्या वेळी कुणी उंबऱ्यावर असेल, एक पाय आत, एक बाहेर. मी बघितलंय एकदा. तेव्हापासून मी घरीसुद्धा दारात उभा राहून बोलत नाही."

त्यानं हसायचा प्रयत्न केला. उस्ताद हसत नव्हते.

"भोंगा वाजत नाही का रे तिचा?"

"नाही."

"कुणी बंद केलाय?"

तो तेलाच्या डब्याचं झाकण लावू लागला. दुसऱ्या कंपनीच्या लिफ्टला हात लावला हे कळलं तर परवाना जातो, हे दोघांनाही ठाऊक होतं. उस्तादांनी फडकं उचललं आणि ते पुन्हा तेल पुसू लागले. "ओळखीतल्यांना जिना दाखव," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी तो थेट तळमजल्यावर सोसायटीच्या कार्यालयात सेक्रेटरींकडे गेला. "काका, लिफ्ट बंद ठेवायला हवी. ब्रेक गेलाय."

"लिफ्ट खाली बसते म्हणून मेंटेनन्सवाल्यांना आधीच कळवलंय. पट्ट्या महिनाभरात येतील म्हणाले."

"महिना नाही हो चालणार. आजच बंद करा."

"आणि माणसं काय उडत जाणार? सोळा मजले! इंजिनिअर, तुम्ही उगाच घाबरता. रोज तर जातोय आपण."

"आत्तापर्यंत गेलो म्हणून..."

"बरं, मी नोटीस लावतो. पण लोक विचारणार, आठाच्या लिफ्टमध्ये बारा कसे मावले? भोंगा कुठं गेला? काय सांगू?" सेक्रेटरींच्या आवाजात धमकी नव्हती. ते खरोखरच विचारत होते. "महिनाभर गप राहू. काही होत नाही."

तो चौदा मजले चढून घरी गेला. मधे प्रत्येक मजल्यावर लिफ्ट वरखाली जाताना ऐकू येत होती, आणि दार उघडल्याचा आवाज आला की तो कठड्याला धरून थांबत होता, पुढचा आवाज येईपर्यंत.

बायकोनं त्याचा चेहरा पाहिला आणि गॅस बारीक केला. "काय झालं?"

त्यानं सगळं सांगितलं. तारेचं तिला आजवर माहीत नव्हतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"म्हणजे इतके दिवस मी त्यात... आणि तुम्हीपण शेजारी उभे?"

"मला कळलं नव्हतं गं. मागच्या आठवड्यापासून कळतंय."

"आठवडाभर कळतंय आणि तरी आपण जातोय?"

त्यानं पाठीवरची हत्यारांची पिशवी खाली ठेवली. ती म्हणाली, "परवाना गेला तर?"

"दुसरं काहीतरी बघेन."

"या वयात?"

"हो."

तिनं पोळी तव्यावर टाकली. उलटली. "नुसती तार काढून भागेल का?"

"नाही. भोंगा वाजेल, पण ब्रेक तसाच. लिफ्ट बंदच करावी लागेल."

"मग सगळे उशिरा पोचणार. शिव्या घालतील तुम्हाला."

"लवकर उठवलं तर नाही उशीर होणार," तो म्हणाला. आणि आपलं ठरलं आहे हे त्याला स्वतःच्याच आवाजावरून कळलं.

पहाटे साडेचारला तो गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेला. मुख्य स्विच खाली ओढला. मशीनचा गुणगुणाट थांबला तेव्हा एवढी शांतता झाली की त्याला आपलाच श्वास परका वाटला. पट्ट्या उघडून पाहिल्या: एका बाजूला नखाएवढा थर उरला होता, दुसऱ्या बाजूला तोही नाही. तो मशीनच्या चौथऱ्यावर बसला. मग खाली जाऊन त्यानं तार काढली आणि कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं: ब्रेक निकामी असल्यामुळे लिफ्ट बंद. भोंगा मी बंद केला होता. ती माझी चूक. खाली स्वतःच्या घराचा क्रमांक. एक प्रत सेक्रेटरींच्या दाराखालून सरकवली, एक लिफ्टच्या दारावर चिकटवली.

पाच वाजता त्यानं सोळाव्या मजल्यावरचं पहिलं दार वाजवलं. "लिफ्ट बंद केली आहे. मी केली आहे. जिन्यानं निघा, बस मिळेल." मग शेजारचं दार. मग पंधरावा. कुणी जांभई देत मान हलवली, कुणी तोंडावर दार आपटलं. शिपाई बनियनवर बाहेर आले. "इंजिनिअर, हा कुठला न्याय?" त्यांनी विचारलं. त्यानं कागदावरचं सगळं तोंडानं सांगितलं. शिपायांनी मुलीच्या बंद खोलीकडे एकदा वळून पाहिलं आणि ते तिला उठवायला आत गेले.

नवव्यावर नर्स तयार होऊन दारातच उभी होती. वरची दारं वाजताना तिनं ऐकली होती.

"दादा, तुम्ही व्हा पुढे. अजून आठ मजले वाजवायचेत तुम्हाला. मी येईन हळूहळू."

"मजले वाटेतच आहेत," तो म्हणाला.

त्यानं तिची पिशवी आपल्या खांद्याला लावली आणि तिच्यापुढे एक पायरी खाली उतरून, एका हातानं कठडा धरून उभा राहिला. तिनं पाऊल टेकलं की तो पुढची पायरी उतरे, आणि वळून थांबे.